उचल आणि कमाई

भोर म्हटले की पुण्या-मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांसमोर रोहिडा किल्ला, भाटघरचे धरण, हिरवे डोंगर आणि कोसळणारा पाऊस उभा राहतो. तो सगळा पश्चिमेकडचा थाट. आमचे भोंगवली तालुक्याच्या पूर्व अंगाला. पुणे-सातारा महामार्ग सोडून आत वळले की पावसाचा जोरही सरतो आणि डोंगरांची उंचीही. नीरा ओलांडली की सातारा जिल्हा आणि शिरवळचे कारखाने. त्यामुळे आमच्याकडे घरटी एखादा मुलगा शिरवळला पाळीवर जातो, दारात दोन म्हशी असतात आणि सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीला जाते. घरात पैसा येतो तो दोन वाटांनी, महिन्याच्या पगाराने आणि दुधाच्या बिलाने. आयुर्विम्याच्या एजंटाला या दोन्ही तारखा पाठ असतात.

२०२२ ची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. मी गावी होतो. सकाळी ओट्यावर चहा घेत बसलो असताना भावकीतला एक मुलगा, नात्याने माझा पुतण्या, हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला. एरवी मोटारसायकल दारातच करकचून थांबवणारा हा गडी त्या दिवशी चालत आला होता.

"तात्या, येवढं जरा वाचून बघा. मला तर धडकीच भरलीया."

कागद एका विमा कंपनीचा होता. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही. चार वर्षे त्याने तिच्यासाठी पॉलिसी विकल्या होत्या. मार्चमध्ये ती सोडली आणि जुलैत दुसरीकडे रुजू झाला. आता जुन्या कंपनीने कळवले होते की, आपणांस दिलेल्या कमिशनपैकी रु. ७४,३५० परत येणे आहेत, ते पंधरा दिवसांत भरावेत, अन्यथा पुढील कारवाई करण्यात येईल. खाली सही, शिक्का आणि सोबत पाच पानांचा तक्ता.

"दिलेलं पैसं परत मागत्यात, तात्या! मी काय उसनं घेतलं होतं व्हय?"

वाचकहो, या प्रश्नाचे खरे उत्तर "होय" असे होते. पण ते त्याच्या तोंडावर सांगायला मला दुपार उजाडावी लागली.

आमच्या तालुक्यात निगड्याला राजगड सहकारी साखर कारखाना. त्याचे गाळप चालू असे तेव्हा ऊसतोडीच्या टोळ्या येत. तोडणी कामगार गाव सोडण्यापूर्वी मुकादमाकडून रक्कम घेतो, तिला उचल म्हणतात. ती हातात पडते तेव्हा पैसा खराच असतो. त्याने घराचे पत्रे येतात, मुलीचे लग्न लागते. पण ती कमाई नसते. ऊस तोडला जाईल तशी ती कमाई होत जाते. हंगामाच्या मध्यावर माणूस दुसऱ्या मुकादमाकडे निघाला की पहिला मुकादम हिशेबाची वही उघडतो. उचलीखाली पिचलेल्या कामगाराची बरोबरी मोटारसायकलवरच्या एजंटाशी करण्याचा माझा हेतू नाही. पण पैशाचा स्वभाव दोन्हीकडे एकच आहे, काम पुढे आणि पैसे आधी.

आयुर्विम्यात पहिल्या वर्षाचे कमिशन मोठे असते आणि नंतरचे लहान. विमा कायद्याने कैक वर्षे पहिल्या वर्षासाठी सर्वसाधारणपणे ३५ टक्क्यांची कमाल मर्यादा ठेवली होती, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात आणि पुढे पाच टक्के. माझ्या पुतण्याला दहा वर्षे हप्ते भरायच्या पॉलिसीवर पहिल्या वर्षी ३० टक्के मिळत. म्हणजे २४,००० चा हप्ता आला की ७,२०० त्याचे. आता विचार करा, एवढे पैसे कंपनी एका सहीसाठी देते काय? पुढची नऊ वर्षेही हप्ते येतील या भरवशावर ती देते. पॉलिसी पहिल्या वर्षानंतर बंद पडली तर तो भरवसा खोटा ठरतो, आणि करारात तसे कलम असेल तर दिलेले पैसे ती परत मागते. कार्यालयात याला कोणी क्लॉबॅक म्हणतात, कोणी चार्जबॅक. आमच्या गावच्या भाषेत उचल फिटली नाही, एवढेच.

एजंट कंपनीत असेपर्यंत ही वजावट पुढच्या कमिशनमधून गुपचूप होत राहते. नवे येते, जुने जाते, कोणाला कळत नाही. तो कंपनी सोडतो त्या दिवशी नवे येणे थांबते आणि जुने तेवढे उरते.

हा प्रसंग आमच्या वडिलांच्या पिढीला ठाऊक होता आणि आमच्या पिढीला नव्हता, याचे कारण इतिहासात आहे. नीरेपलीकडे साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ साली वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली. अशा देशी कंपन्या मग जागोजागी उभ्या राहिल्या आणि एजंट या कंपनीतून त्या कंपनीत जाऊ लागले. १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली, त्याच वर्षी १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ सुरू झाले आणि लहानमोठ्या २४५ संस्था त्यात विलीन झाल्या. त्यानंतर जवळजवळ चार तपे एजंटाला कंपनी बदलायची म्हटले तरी बदलायला दुसरी कंपनीच नव्हती. १९९९ च्या कायद्याने दार उघडले, २००० साली पहिले खासगी परवाने निघाले आणि वाट पुन्हा रुळली.

मौज अशी की, १९३८ च्या विमा कायद्याचे ४४ वे कलम लिहिणाऱ्यांना काळजी होती ती उलट बाजूची. एजंट सोडून गेला की कंपन्या त्याचे नूतनीकरणाचे कमिशन गिळून टाकतात, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून पाच वर्षे सलग आणि त्याच कंपनीचे काम केलेल्या एजंटाला, ठरावीक अटींवर, चार टक्क्यांपर्यंतचे कमिशन पुढेही मिळावे आणि त्याच्या मागे वारसांना मिळावे, अशी तरतूद त्या कलमात होती. २०१५ साली हा कायदा बराच बदलला आणि कमिशनचे तपशील नियामक प्राधिकरणाच्या नियमांत व कंपन्यांच्या धोरणांत गेले. पण पाच वर्षांच्या त्या उंबरठ्यामागची समज लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुतण्याने चौथे वर्ष संपताच उडी मारली होती. नव्या कंपनीचा मॅनेजर जेवायला घेऊन गेला, मोठा आकडा बोलला आणि याने करार न वाचता राजीनामा लिहिला.

"करार कुठे आहे?" मी विचारले.

"आसंल की पिशवीत."

होता. चार वर्षे घडीही न मोडलेला.

मी छत्तीस वर्षे बँकेत काढली. कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्री. दिवसा माझे काम ताळमेळ लावण्याचे. अंगणात सतरंजी घातली, तक्त्यातल्या ओळी कापून चार ढीग केले आणि प्रत्येकावर सुपारी ठेवली.

पहिला ढीग फ्री लूकचा. पॉलिसी हातात आल्यावर पसंत नसेल तर ठरावीक मुदतीत परत करता येते. अशा दोन परत आल्या होत्या, कमिशन १४,४००. इथे बोलण्यासारखे काही नव्हते. विक्रीच झाली नाही तिथे कमिशन कसले?

दुसरा ढीग न वटलेल्या चेकांचा आणि खात्यात पैसे नसल्याने परत गेलेल्या हप्त्यांचा. तीन पॉलिसी, ११,२५०. त्यातली एक पाहून मी थांबलो. त्या माणसाने चेक परत गेल्यावर शाखेत रोख भरले होते आणि पावती पिशवीत होती. ३,७५० कमी.

तिसरा ढीग सर्वांत मोठा. दुसऱ्या वर्षाचा हप्ता न आलेल्या नऊ पॉलिसी, ३६,९००. त्यातल्या सहांचा हप्ता याने कंपनी सोडल्यावर आला होता. फोन करून घरांत विचारले तर दोघांनी बँकेतून भरलेला निघाला. आणखी ६,३०० कमी. उरलेल्या चौघांना हप्त्याची आठवण द्यायला कोणी गेलेच नव्हते. एजंट गेला की त्याच्या पॉलिसीला या धंद्यात अनाथ पॉलिसी म्हणतात. कंपनीने त्या दुसऱ्या कोणाच्या पदरात घातल्या नव्हत्या आणि वसुली मात्र याच्यावर टाकली होती. मला ते पटले नाही, अजूनही पटत नाही. पण करारात कलम होते आणि खाली याची सही.

चौथा ढीग बक्षिसाचा, ११,८००. अमुक इतकी विक्री केली म्हणून दिलेली रक्कम आता परत हवी होती. करारात त्याचा उल्लेख नव्हता. अट असेल तर दाखवा, असे आम्ही लेखी विचारले. मग पाचव्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ सापडली: "देय कमिशन, रोखून ठेवलेले, रु. ९,६४०". तो कामावर असतानाच लोकांनी भरलेल्या हप्त्यांवरचे, त्याच्या हक्काचे पैसे. ते वजा धरलेलेच नव्हते.

सविस्तर पत्र गेले, पावत्यांच्या प्रती गेल्या. दीड महिन्याने उत्तर आले. रोखीची पावती मान्य, दोन हप्ते मान्य, बक्षिसाची अट सापडत नसल्याने ती मागणी मागे, रोखलेले कमिशन वळते. ७४,३५० चे ४२,८६० झाले. रागाच्या भरात पत्र फाडले असते किंवा भीतीने सगळे भरले असते, तर दोन्हीकडून नुकसान त्याचेच होते.

इथे ही गोष्ट संपली असती तर मी ती लिहिली नसती.

तिसऱ्या ढिगात नऊ पॉलिसी होत्या. सहांचे सांगितले. उरलेल्या तिघांचे नाव काढले की पुतण्या सुपारीकडे बघायचा. चारदा विचारल्यावर बोलला. "त्या मीच बंद करायला सांगितल्या. नव्या कंपनीत घातल्या."

त्या तिघांचे हप्ते होते २४,०००, १३,००० आणि १०,०००. प्रत्येक घराने एकेक वर्षाचा हप्ता भरलेला. त्या वेळच्या नियमाने अशा पारंपरिक पॉलिसीला दोन वर्षांचे पूर्ण हप्ते भरल्याशिवाय काहीच परत मिळत नसे. म्हणजे कागदावर पुतण्याची वसुली होती १४,१००, आणि त्या तीन घरांचे गेले होते ४७,०००. पाच पानांच्या त्या तक्त्यात सतरा रकाने होते. त्या घरांच्या पैशांसाठी एकही नव्हता.

मी त्याच्यावर चिडलो. मग माझा आवाज आपोआप खाली आला, कारण मला माझा एक मार्च आठवला.

बँकांनी विमा विकायला सुरुवात केल्यानंतरची गोष्ट. मी एका ग्रामीण शाखेत होतो. वर्षअखेरीचे उद्दिष्ट डोक्यावर. म्हशीच्या कर्जासाठी आलेल्या एका शेतकऱ्यापुढे मी कर्जाच्या कागदांबरोबर पॉलिसीचाही अर्ज सरकवला. "हे पण घ्या, चांगलं आहे." त्याने सही केली, कारण साहेब म्हणत होते. पुढच्या वर्षी हप्त्याची तारीख दुधाच्या बिलाच्या आधी पडली, खात्यात पैसे नव्हते, हप्ता दोनदा परत गेला आणि दोन्ही वेळा दंड बसला. पॉलिसी बंद पडली. मला त्या वर्षी विभागीय बैठकीत प्रमाणपत्र मिळाले होते. ते माझ्या घरी अजून आहे. माझ्याकडून कोणी काही परत मागितले नाही. तेव्हा पुतण्याला आलेली नोटीस मला कितीही कडक वाटली तरी तिच्यात एक न्याय होता, हे मला कबूल केले पाहिजे.

त्या तीन घरांतले एक त्याच्या चुलतीचे. नवरा गेलेला, दोन म्हशी, दहावीतला मुलगा. २४,००० तिचेच. पुतण्या म्हणाला, "तात्या, काकीचा पुढचा हप्ता मी माझ्या कमिशनमधून भरतो." कल्पना चांगल्या मनाची होती, पण एजंटाने आपल्या कमिशनमधला वाटा ग्राहकाला देणे हा विमा कायद्याच्या ४१ व्या कलमाखाली गुन्हा आहे. ती वाट बंद.

मी तिची दोन्ही कागदपत्रे मागवली. जुनी पॉलिसी बंद पडून फार दिवस झाले नव्हते. अशी पॉलिसी पहिल्या चुकलेल्या हप्त्यापासून पाच वर्षांच्या आत, थकलेला हप्ता व व्याज भरून आणि कंपनीच्या अटी पाळून, पुन्हा चालू करता येते. आणि नव्या पॉलिसीचे बाड तिच्या हातात पडून अकरा दिवस झाले होते. फ्री लूकची मुदत तेव्हा पंधरा दिवसांची होती.

म्हणजे वाट होती. नवी परत करायची, तिचे पैसे आले की जुनी उठवायची. काकीचे २४,००० वाचत होते. जुन्या कंपनीच्या वसुलीतून याचे ७,२०० कमी होणार होते. मात्र नव्या कंपनीत याचे ७,२०० परत जाणार होते, आणि रुजू होऊन सहा महिने होण्याआधीच मॅनेजरपुढे मान खाली घालावी लागणार होती. याच्या पदरात एकूण शून्य.

तो बराच वेळ गप्प बसला. मग पिशवी घेऊन उठला. संध्याकाळी काकीकडे आम्ही दोघे गेलो. त्याने चुकतमाकत सगळे सांगितले. ती धार काढायला निघाली होती, बादली हातात तशीच.

"आरं, मग पयल्यांदाच नीट सांगायचं न्हवं का?" एवढेच बोलली. मग फॉर्मवर सही केली आणि म्हशीकडे गेली.

मुद्रांकशुल्क वगैरे कापून पैसे आले. व्याजासकट शेसव्वाशे कमी पडत होते, ते तिने दुधाच्या बिलातून घातले. जुनी पॉलिसी चालू झाली. पुतण्याची वसुली ३५,६६० वर आली आणि ती त्याने सहा हप्त्यांत फेडली. बाकीच्या दोन घरांची मुदत टळून गेली होती. त्यांचे २३,००० गेले ते गेलेच. त्यांतला एक माणूस आजही पुतण्या समोरून आला की रस्ता बदलतो.

या वाटेने जाणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी, बँकेच्या सवयीने, चार गोष्टी सांगतो. राजीनाम्याआधी करार वाचा आणि पॉलिसीवार कमिशनचा उतारा मागून घ्या. बाहेर पडल्यावर तो मिळवताना चपला झिजतात. २०१६ च्या नियमांनी राजीनाम्यानंतर पंधरा दिवसांत काम थांबल्याचे प्रमाणपत्र कंपनीने द्यायचे आणि त्या तारखेपासून नव्वद दिवसांनी दुसऱ्या कंपनीने अर्ज विचारात घ्यायचा, असे घातले. एवढे दिवस चूल कशावर पेटणार, याचा विचार आधी करा. पहिल्या वर्षाच्या कमिशनचा काही भाग दुसरा हप्ता येईपर्यंत वेगळ्या खात्यात ठेवा. बँका बुडीत कर्जांसाठी तरतूद करतात, तशीच ही. उधारीचे पोते सव्वा हात रिते, हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. परत दिलेल्या कमिशनवर कर आधीच कापला गेलेला असतो, तेव्हा विवरणपत्र भरताना करसल्लागाराला ते सांगा. आणि नवी कंपनी रुजू होताना बोनस देत असेल तर विचारा की ही उचल की कमाई?

विमेदारांना एवढेच सांगणे की, एजंट बदलला म्हणून पॉलिसी बदलत नाही. तुमचा करार कंपनीशी आहे. हप्ता शाखेत किंवा बँकेतून भरता येतो. जुनी मोडून नवी घ्या म्हणणाऱ्याला, तो भाचा असला तरी, माझे किती जातील ते कागदावर लिहून दे म्हणा. फ्री लूकची मुदत २०२४ पासून तीस दिवसांची झाली आहे. तक्रार कंपनीने ऐकली नाही तर पुण्यात विमा लोकपालांचे कार्यालय आहे. मात्र ते विमेदारांसाठी. एजंटाच्या कमिशनचे भांडण तिथे चालत नाही.

वारे बदलत आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने, महामंडळ सोडून पुन्हा परतलेल्या एजंटांना त्यांच्या जुन्या पॉलिसींवरचे नूतनीकरणाचे कमिशन मिळण्याची वाट मोकळी केली. १ ऑक्टोबर २०२४ पासून एका वर्षाच्या हप्त्यानंतर पॉलिसी सोडणाऱ्यालाही काही रक्कम मिळू लागली. त्यापाठोपाठ महामंडळाने पहिल्या वर्षाचे कमिशन उतरवले, पुढच्या वर्षांचे चढवले. कमिशन परत घेण्याच्या कलमांवरून एजंटांच्या संघटना रस्त्यावर आल्या. त्यांचा राग मी समजू शकतो, पत्र हातात धरून थरथरणारा मुलगा मी पाहिला आहे. पण पैसा कामाच्या जवळ सरकतो आहे ही गोष्ट वाईट नव्हे.

मागच्या खेपेस गावी गेलो तो दुधाच्या बिलाचा दिवस होता. डेअरीपाशी पुतण्या उभा. हातात वही, एकाला सांगत होता की तुमचा हप्ता पंधरा तारखेला आहे, चुकवू नका. मी वहीत डोकावलो. नाव जुन्या कंपनीचे. त्या चार अनाथ पॉलिसींपैकी दोन त्याने मागे लागून पुन्हा चालू करून दिल्या होत्या. आता त्यांचे एक पैसाही कमिशन त्याला मिळत नाही, हे मला ठाऊक होते.

"तुला यात काय मिळतं रे?"

त्याने वही मिटली. "मिळालंय की तात्या. आधीच घेतलंय."